मावशीकडे ठेवलेला मुलगा: थोड्या पैशांत असा सिनेमा कसा करायचा

नातेवाइकाकडे ठेवलेलं पोर म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कुणाला शिकायला ठेवतात, कुणाला वडील गेले म्हणून, तर कुणाला 'इथं वाया चाललाय, शहरात जरा सरळ होईल' म्हणून. आजोबांच्या पिढीत वार लावून जेवणारी मुलं होती. सोमवार एकाकडे, मंगळवार दुसऱ्याकडे. आता डोंबिवलीतल्या वन-रूम-किचनच्या गॅलरीत गादी टाकून झोपणारा पंधरा वर्षांचा मुलगा आहे.

पहिला सिनेमा अशाच मुलावर करायचा, असं ठरवलेले बरेच जण मला भेटतात. हिशेब सोपा वाटतो. एक घर, चार माणसं आणि एक मोठं भांडण, म्हणजे स्वस्तात होणार. होतंही. पण पैसा कुठे वाचतो आणि कुठे अचानक गळ्याशी येतो, हे लिहायला बसण्यापूर्वीच माहीत हवं. कारण या सिनेमात बजेट पटकथेतच ठरतं.

आधी घर, मग पटकथा

नेहमीचा क्रम उलटा करा. पटकथा लिहून घर शोधायला निघालात, तर कागदावरचं घर कधीच मिळत नाही आणि मिळालंच तर परवडत नाही. आधी चौदा-पंधरा दिवस मिळेल असं खरं घर हेरा. चुलतभावाचा भाडेकरू सोडून गेलेला फ्लॅट चालेल, मित्राच्या आजीची बंद खोली चालेल. रिकामं असेल तर उत्तम, पण रिकाम्या घराला संसाराचा वास नसतो. सामान आणून आठवडाभर कुणाला तरी तिथे राहायला लावा. ओट्यावर तेलाचे डाग पडू देत, कॅलेंडरवर दूधवाल्याचा हिशेब लिहिला जाऊ दे.

मग त्या घरात सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत एक दिवस वही घेऊन बसा. ऊन कोणत्या खिडकीतून किती वाजता येतं? नळाला पाणी कधी येतं? शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, वरच्यांचं मिक्सर, खालच्या शाळेची घंटा, गाडीचा आवाज, सगळं वेळेसकट टिपा. ही वही पुढे तुमच्या ध्वनिमुद्रकाला सोन्यासारखी वाटेल. त्याच वहीत घराचा नकाशा काढा आणि एकाच प्रश्नाचं उत्तर द्या: मुलगा कुठे झोपतो?

तुमची निम्मी गोष्ट या उत्तरात आहे. गॅलरीत झोपत असेल, तर पावसात त्याची गादी आत येणार आणि कुणाची तरी जागा जाणार. हॉलमध्ये झोपत असेल, तर काकांची टीव्हीवरची बातमी संपेपर्यंत त्याला झोपता येणार नाही. त्याला कपाट नाही, कपडे बॅगेतच. ती बॅग कधी रिकामी होते, कोण रिकामी करतं आणि पुन्हा कोण भरतं, एवढ्यावर तीन अंक उभे राहतात.

परदेशी सिनेमे बघून लिहिणारे इथेच फसतात. त्यांचा नायक पाय आपटत खोलीत जातो, धाडकन दार लावतो, भिंतीवर पोस्टरं, कानात गाणी. आपल्या मुलाला आपटायला दारच नाही! अख्ख्या घरात त्याच्या हक्काची एकच कडी, बाथरूमची. तीही पाच मिनिटांची, कारण बाहेरून कुणीतरी विचारतंच, "अरे, झोपलास की काय आत?" मुलाला रडवायचं असेल तर तिथे रडवा आणि त्या पाच मिनिटांचा हिशेब ठेवा.

घरातली माणसं

दुष्ट मामी नको. ती फार झाली. शिवाय दुष्ट माणूस दाखवला की मुलाच्या बिनसण्याचं कारण प्रेक्षकाला फुकटात मिळतं आणि तो विचार करायचा थांबतो.

मला विचाराल तर मुलाला मावशीकडे ठेवा आणि गोष्ट काकांबरोबर घडवा. मावशी रक्ताची आहे. तिला बहिणीचा पुळका आहे आणि अपराधी वाटणंही आहे. काका मात्र त्या मुलाचे कुणीच नाहीत. लग्नामुळे नातं चिकटलं, एवढंच. या घरात हा बाहेरचा, आणि या नात्यात ते बाहेरचे. दोन उपरे एकाच टॉवेलच्या दोरीवर कपडे वाळत घालतात. भांडण मावशीशी होईल, पण अबोला काकांशी असेल, आणि कॅमेऱ्याला अबोला जास्त आवडतो.

भाषेकडे लक्ष द्या. मुलगा मावशीला 'तू' म्हणतो, काकांना 'तुम्ही'. बऱ्याचदा तो काकांना हाकच मारत नाही, नुसता समोर जाऊन उभा राहतो. ही अशी मुलं मी पाहिली आहेत. वाक्य अशा बेताने जुळवतात की 'तुम्ही'ही नको आणि 'काका'ही नको. "मावशीने विचारलंय, जेवायला वाढू का." हे शेवटपर्यंत सांभाळा. 'तू' एकदाच सुटू दे, रागात, आणि सुटल्यावर तो स्वतःच दचकला पाहिजे.

मावशीचा संवादही सरळ आरोपाचा नको. फ्रिज उघडून ती एवढंच विचारते, "दूध संपलं का रे?" ज्याने दुसऱ्याच्या घरी दिवस काढलेत, त्याच्या पोटात या प्रश्नाने गोळा येतो.

'बिघडलाय' म्हणजे नक्की काय?

कथेच्या टिपणात 'वाया गेलेला मुलगा' असं लिहिलं असेल तर ते खोडा आणि त्याची एक कृती लिहा. शाळेला म्हणून निघतो आणि दिवसभर एसटी स्टँडवर बसतो. किंवा काकांच्या पाकिटातून पन्नासच घेतो, शंभर कधीच घेत नाही. कृती नेमकी असली की कारण सांगावं लागत नाही.

अडथळे आणायला गुंड नकोत, कागद पुरे आहेत. शाळेत प्रवेशाला जुन्या शाळेचा दाखला मागतात आणि तो आणायला गावी कुणी जायचं, हा प्रश्न. प्रगतिपुस्तकावर 'पालकाची सही' कुणी करायची, हा दुसरा. रेशनकार्डावर त्याचं नाव अजून गावीच आहे. शाळा सुटलीच तर दहावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म. काका 'पालक' या शब्दापुढे पेन घेऊन थांबतात, हा प्रसंग चित्रित करायला एक टेबल आणि एक ट्यूबलाइट लागते. खर्च शून्य.

गोष्टीत पोलीस येणार असतील तर जरा थांबा. अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत, गजांआड बसवलेलं आपण पडद्यावर इतक्यांदा पाहिलंय की ते खरं वाटतं. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार अशा मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवताच येत नाही. त्याला चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. बेड्या घालायच्या नाहीत आणि पोलिसांनी साध्या कपड्यांत असावं, असं नियम सांगतात. प्रत्यक्षात नियम मोडला जातो असं दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा, पण मोडला जातोय हे तुम्हाला माहीत आहे, असं दिसू दे. आणि बिनपैशाचा फायदा बघा. कोठडीचा सेट उभारायचा वाचला. साध्या शर्टातला हवालदार आणि बाकावर शेजारी बसलेले काका, हा प्रसंग कोणत्याही जुन्या कार्यालयाच्या व्हरांड्यात होतो.

गोष्ट खऱ्या मुलावर बेतलेली असेल, तर गाव, शाळा, नाव, चेहरा, कशावरूनही तो ओळखू येता कामा नये. याच कायद्याचं कलम ७४ ओळख उघड करायला मनाई करतं. कायदा नसता तरी तो मुलगा उद्या कॉलेजात जाणार आहे.

पाच तासांचं गणित

इथे बहुतेकांचं बजेट कोसळतं, म्हणून सविस्तर सांगतो.

चौदा वर्षांखालचा कलाकार असेल तर बालकामगार कायद्याच्या २०१७च्या नियमांप्रमाणे त्याच्याकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. जिथे चित्रीकरण आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यासाठी नमुना 'क'मधलं हमीपत्र आणि पालकांची संमती द्यायची. ते हमीपत्र सहा महिने चालतं. मुलांची काळजी घ्यायला एक जबाबदार व्यक्ती नेमायची, एका व्यक्तीमागे जास्तीत जास्त पाच मुलं. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. आणि मानधनातली किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकायची, जी त्याला सज्ञान झाल्यावर मिळते.

"आमचा नायक पंधराचा आहे, आम्हाला काय?" असं विचारणारे भेटतात. पंधरा वर्षांच्या मुलालाही पाच तासांनंतर तोंडावर काही उमटत नाही. सहाव्या तासाला तो तुमच्यासाठी 'अभिनय' करायला लागतो आणि तुमचा सिनेमा तिथेच संपतो. नियम लागू असो वा नसो, पाच तासच धरा.

आता गणित. समजा सत्तर पानांची पटकथा आणि चौदा दिवस, म्हणजे रोज पाच पानं. मुलाच्या पाच तासांत कपडे, केस आणि वाट बघणं वजा जाता साडेतीन पानं होतात. चौदा दिवसांत एकोणपन्नास. म्हणजे उरलेल्या एकवीस पानांत मुलगा नसलाच पाहिजे. ही पानं भरताड नाहीत. मुलगा झोपलाय असं समजून मावशी आणि काका त्याच्याबद्दल स्वयंपाकघरात कुजबुजतात, तेव्हा गोष्ट वेगळ्याच बाजूने उघडते. "अहो, ताईचा फोन आला होता." "मग?" "काही नाही. पैसे पुढच्या महिन्यात पाठवते म्हणाली." मी पहिल्या खेपेला हे गणित केलं नव्हतं. मुलगा प्रत्येक पानावर होता. नवव्या दिवशी त्याला ताप आला आणि आम्ही पंधरा माणसं तीन दिवस पत्ते खेळत बसलो.

मुलगा शोधताना

बालनाट्य स्पर्धांत बक्षीस मिळवलेली मुलं गुणी असतात, पण शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची त्यांना सवय असते. कॅमेरा हातभरावर असतो. अशा मुलाला घ्यायचंच तर महिनाभर आधी घ्या.

निवड करताना उतारा म्हणून दाखवायला लावू नका. समोर मेथीची जुडी ठेवा, निवडायला सांगा आणि निवडता निवडता गप्पा मारा. हात कामात असताना जो मुलगा सहज खोटं बोलू शकतो, तो तुमचा. काकांचं काम करणाऱ्या नटाला आणि मुलाला चित्रीकरणापूर्वी आठवडाभर एकत्र भाजी आणायला पाठवा, पण फार गट्टी जमू देऊ नका. तालमी कमी आणि कामं जास्त.

वाढीचं भान ठेवा. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'चं चित्रीकरण पैशांअभावी थांबत थांबत सुमारे तीन वर्षं चाललं होतं. त्या काळात अपू झालेल्या मुलाचा आवाज फुटला नाही, त्याची बहीण दुर्गा झालेली मुलगी मोठी दिसायला लागली नाही आणि म्हाताऱ्या आत्याचं काम करणारी नटी गेली नाही, हे तीन चमत्कारच, असं पुढे राय सांगत. तुमचा मुलगा पंधराचा आहे. मिसरूड दोन महिन्यांत फुटतं, आवाज त्याआधी फाटतो. पैसे पुरे नसतील तर सुरू करू नका. जमले की सलग चौदा दिवसांत संपवा. शेवटच्या दिवशी त्याच्या आवाजात हुंकार, धाप, 'हो', 'नाही', 'येतो' आणि सगळे अवघड संवाद वेगळे मुद्रित करून ठेवा. चार महिन्यांनी डबिंगला बोलावलंत तर वेगळाच माणूस येईल.

दहावीचा मुलगा घेऊ नका. त्याची आई नाही म्हणणार आणि तिचं बरोबर आहे.

मे महिना सोयीचा. शाळा बंद, ऊन भरपूर. पण वराती, बँडबाजे आणि उकाडा. दिवाळीच्या सुट्टीत हवा छान, पण फटाके. मी मे घेतो, बँड निदान रात्री थांबतो.

कॅमेऱ्यापेक्षा आवाज

भाड्याच्या कोणत्याही बऱ्या मिररलेस कॅमेऱ्यावर हा सिनेमा होतो. एक पस्तीसची आणि एक पन्नासची लेन्स. छोट्या खोलीत सगळं मावावं म्हणून फार रुंद लेन्स लावली की भिंती वाकतात आणि घर हॉटेलसारखं मोठं दिसतं. आपल्याला अडचण हवी आहे. कॅमेरा दारातच उभा करा, आत जाऊ नका. त्या घरात मुलगाही दारातच उभा असतो.

आपली वीज ५० हर्ट्झची आहे. सेकंदाला २५ फ्रेमवर शटर १/५० सेकंद ठेवलंत तर बहुतेक दिवे लुकलुकत नाहीत. २४ फ्रेमवर करायचं असेल तर शटरचा कोन १७२.८ अंश ठेवा, तेही १/५०च होतं. तरी स्वस्त एलईडी दगा देतात, म्हणून घरातला प्रत्येक दिवा आधी कॅमेऱ्यातून तपासा आणि लुकलुकणारा बदला. रात्रीचे प्रसंग दुपारी करा: खिडक्यांना बाहेरून काळं कापड, आत एक ट्यूब. मुलगा वेळेवर घरी जातो आणि शेजारीही झोपतात.

वाचलेले पैसे ध्वनिमुद्रकाला द्या. प्रेक्षक थोडं धूसर चित्र सहन करतो, न कळणारा संवाद नाही. आमच्या घरांत पंखा हाच खलनायक. संवादाच्या वेळी तो बंद, म्हणून दर दोन टेकनंतर घाम पुसायला वेळ धरा. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो सुरू करायची आठवण राहते. एकदा आम्ही विसरलो आणि घरमालकिणीचं विरजण, मासे, सगळं गेलं. प्रत्येक खोलीत सगळ्यांना मिनिटभर गप्प उभं करून रिकाम्या खोलीचा आवाज घ्या. संकलनात तुकडे जोडायला तोच गोंद.

टीव्हीवर खरी मालिका किंवा रेडिओवर खरं गाणं लावू नका. हक्कांचे पैसे देता येणार नाहीत आणि सिनेमा अडकेल. मावशीची मालिका स्वतः लिहा. नाटकातल्या दोन मैत्रिणींना बोलावून तासाभरात सासू-सुनेचं भांडण मुद्रित करा. पडदा दाखवूच नका, मावशीच्या चेहऱ्यावर त्याचा निळा उजेड पुरे.

लोकलही दाखवू नका. रेल्वेची परवानगी वेगळी आणि महाग. रुळांचा आवाज फुकट आहे. भटका कुत्राही नको. प्राणी दाखवायचा तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते आणि कुत्रा मुलाइतकंही ऐकत नाही.

सिगारेटचा प्रसंग

तो असतोच. प्रत्येक पटकथेत पोरगा गच्चीवर सिगारेट ओढतो. काढून टाका. पडद्यावर तंबाखू किंवा तिचं पाकीट दिसलं की सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्यविषयक सूचना, दृश्यावर खाली इशारा, हे सगळं आलंच. खऱ्या सिगारेटचा तर विचारही नको. मुलाला तंबाखू देणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७७खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. त्याऐवजी मावशी धुवायला घेतलेला शर्ट नाकाशी नेते, थांबते आणि काही न बोलता साबण लावते. सूचनाही लागत नाही आणि प्रसंगही चढतो.

स्वतःला इजा करण्याचा भाग असेल तर पद्धत दाखवायची नाही, कारणही एकाच घटनेवर ढकलायचं नाही. शेवटच्या श्रेयनामावलीत १०९८ ही मुलांसाठीची चाइल्डलाइन आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची टेलि-मानस, दोन्ही मदतीचे क्रमांक टाका.

पैसे

पंधरा माणसं, चौदा दिवस, माणशी रोज साडेतीनशे धरले तर जेवण-चहाचे त्र्याहत्तर हजार पाचशे होतात. नवे निर्माते यालाच कात्री लावतात. फुकट किंवा अर्ध्या पैशांत राबणाऱ्या माणसांना वरण-भात तरी गरम मिळू दे. पोळी-भाजी केंद्रातली एखादी ताई शेजारीच मिळते आणि बाहेरून मागवलेल्या डब्यांपेक्षा स्वस्त पडते. एकूण खर्चाच्या दहा टक्के बाजूला ठेवा आणि ते आहेत हे कुणालाही सांगू नका.

मराठी चित्रपटांना राज्य सरकारचं दर्जानुसार अनुदान आहे, पण ते सिनेमा पुरा होऊन परीक्षण झाल्यावर. अनुदान येणार म्हणून कर्ज काढलेल्यांचे चेहरे मी पाहिलेत. जमेच्या बाजूला ते लिहूच नका. शीर्षकाची नोंद मात्र आधी करा, अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे. चित्रपटगृहासाठी सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागेल. २०२३च्या दुरुस्तीनंतर 'यूए'चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत. तुमच्या नायकाच्या वयाच्या मुलांनी हा सिनेमा बघावा असं वाटत असेल, तर शिव्या लिहिताना हे डोक्यात असू दे.

महोत्सवांना पाठवायचा असेल तर आधी यूट्यूबवर टाकू नका, बऱ्याच ठिकाणी पहिला खेळ आपल्याकडे व्हावा अशी अट असते. पुण्याचा महोत्सव साधारण जानेवारीत, गोव्याचा नोव्हेंबरात. मेमध्ये चित्रीकरण केलंत तर नोव्हेंबर गाठायची घाई करू नका. संकलनाचा पहिला पाठ झाला की तो महिनाभर कपाटात ठेवा आणि मग ज्यांना गोष्ट माहीत नाही अशा चार जणांना दाखवा. त्यात एक तरी असा हवा, जो लहानपणी कुणाकडे तरी राहिलाय. तो कुठे खुर्चीत सावरून बसतो तेवढं बघा.

घर परत करताना

पहिल्या दिवशी, सामान हलवायच्या आधी, प्रत्येक भिंतीचे, कपाटाचे आणि ओट्याचे फोटो काढून ठेवा. शेवटच्या दिवशी त्यांच्याशी ताडून सगळं जागच्या जागी लावा, खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवा, वीजबिलाचा आकडा मालकांसमोर टिपून पैसे लगेच द्या. सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि वॉचमनना पेढे. मुलाच्या मुदत ठेवीची पावती त्याच्या आईच्या हातात त्याच दिवशी द्या, 'नंतर पाठवतो' म्हणू नका. आणि सिनेमात वापरलेली त्याची बॅग त्याला हवी असेल तर देऊन टाका, पण फेरचित्रीकरण उरलेलं नाही याची खात्री करून.